पाऊस कमी, तरी डेंग्यू जास्त: यात हवामान किती आणि आपण किती?

प्रश्न मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आला आहे. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येतं, यंदा पाऊसही सरासरीच्या बराच खाली राहिला, तरी ऑगस्टपासून गल्लीगल्लीत डेंग्यूचे रुग्ण आहेत. टीव्हीवर सांगतात की हवामान बदलामुळे डास वाढले. मग पाऊसच नाही तर डास कुठून आले? दोष हवामानाचा की नगरपालिकेचा? आणि आता करायचं काय?

मी हिवताप विभागात कीटकशास्त्राचं काम केलं आहे. नोकरीचा मोठा काळ मराठवाड्यात आणि गडचिरोलीत गेला, म्हणजे एकीकडे पाणी नाही म्हणून आणि दुसरीकडे पाणीच पाणी म्हणून डास पाहिले. माझं मत आधीच सांगतो. हवामान डासाला आणि त्याच्या अंगातल्या रोगजंतूला मुदत देतं. त्या मुदतीत किती माणसं अंथरुणाला खिळणार, ते पाणी कसं येतं, कुठे साठतं, मजूर कुठून येतात आणि ताप अंगावर काढणं कोणाला भाग पडतं, यावर ठरतं. तुमच्या गावाच्या बाबतीत पारडं दुसऱ्या बाजूला जास्त झुकलेलं आहे.

आधी मुदतीचं गणित समजून घ्या, कारण तापमानाचा खरा परिणाम तिथे आहे. मलेरियाच्या रुग्णाला चावलेली ॲनाफेलिस मादी लगेच दुसऱ्याला मलेरिया देऊ शकत नाही. परजीवी तिच्या पोटात वाढून लाळग्रंथीत पोचावा लागतो. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीला यासाठी सरासरी २० अंश सेल्सिअसला सुमारे २८ दिवस लागतात, २५ अंशांना १२ आणि ३० अंशांना ८. सोळा अंशांच्या खाली ही वाढ जवळपास थांबते. मादी जगते किती? बहुतेक दोन-तीन आठवडे, त्याहून जास्त थोड्याच. म्हणजे २० अंशांना परजीवी तयार होण्याआधी डासच मरतो आणि २५ अंशांना तोच डास मरण्याआधी दोन-तीन घरं फिरून येतो. डासांची संख्या तेवढीच राहूनही रोग वाढू शकतो, तो असा. डेंग्यूच्या विषाणूचं गणित वेगळ्या आकड्यांचं, पण चाल हीच.

पण तापमान वाढलं की रोग वाढतच जातो, असं नाही. पारा ३५ च्या पुढे गेला की डासाचं आयुष्यच आखूड होतं. मलेरियाला २५ च्या आसपासचं तापमान सर्वांत सोयीचं, डेंग्यूला २९ च्या आसपासचं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली गेली तरी डास लवकर मरतात. त्यामुळे तापमानवाढीचा फायदा डासांना सगळीकडे सारखा मिळत नाही. थंड डोंगराळ भागात तो मोठा असतो. नेपाळमध्ये डेंग्यूची पहिली नोंद २००४ ची, तीही सखल तराईतली. २०२२ मध्ये तिथे ५४ हजारांहून अधिक रुग्ण आणि ८८ मृत्यू नोंदले गेले आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवरच्या काठमांडूतही साथ पसरली. इथे हवामानाचं बोट स्पष्ट दिसतं. पण काठमांडूतही नळाला रोज पाणी येत नाही आणि घरोघरी टाक्या-ड्रम भरून ठेवतात, हे विसरून चालत नाही.

मे महिन्यातल्या विदर्भाचं उदाहरण घ्या. नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ ला टेकतो. नियमानं डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासानं तेव्हा तग धरू नये. पण घरात कूलर चालू असतो. खोलीत २८-३० अंश, हवा दमट, कूलरच्या टाकीत पाणी आणि जवळच झोपलेली माणसं. हवामान खात्याचा तापमापक बाहेर असतो आणि डास आत. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कूलर बंद करून तसाच गच्चीवर किंवा खिडकीत सोडून देतात, टाकीतलं तळाचं पाणी न काढता. जुलैतल्या सर्वेक्षणात मी सहायकांना आधी गच्चीवर पाठवायचो.

आता पाऊस. पाऊस जास्त म्हणजे डास जास्त, हे अर्धवट आहे. कोकणात जुलैतल्या मुसळधार पावसात भांड्यांतल्या, गटारातल्या अळ्या वाहून जातात. डेंग्यू उचल खातो तो पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी पुणे शहरातल्या डेंग्यूच्या मृत्यूंचा हवामानाशी मेळ घालून २०२५ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध केले. पावसाळ्यात २७ अंशांच्या वरचं तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि आठवड्यांवर सारखा वाटला गेलेला मध्यम पाऊस ही डेंग्यूला पोषक परिस्थिती. आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर उलट डेंग्यू घटतो. म्हणजे पाऊस एकूण किती पडला यापेक्षा तो कसा पडला हे महत्त्वाचं. ही माहिती पुण्याची आहे, हे मात्र ध्यानात ठेवा. कारण पुण्यात पाणी रोज येतं. तुमच्याकडे येत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे.

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही पसरवणारा एडिस इजिप्ती डास तळ्यात, ओढ्यात, गटारात अंडी घालत नाही. त्याला माणसानं भरून ठेवलेलं स्वच्छ पाणी लागतं: रांजण, हौद, सिमेंटची टाकी, निळा ड्रम, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. भांडं कोरडं पडलं तरी ती महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या पावसाळी हवेत साधारण ७ ते १० दिवस पुरतात.

आता हा आकडा नळाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवा. ज्या गावात पाणी रोज येतं तिथे ड्रम रोज रिकामा होतो, अळीला पुरेसे दिवसच मिळत नाहीत. चार दिवसांआड पाणी आलं तरी थोडीफार आशा असते. दहा-बारा दिवसांआड आलं की प्रत्येक घरात असं एक तरी भांडं असतं जे पुढच्या पाण्यापर्यंत राखून ठेवलेलं आहे आणि त्यात डासाची एक पिढी आरामात बाहेर पडते. पाऊस जितका कमी, तितकं धरणातलं पाणी कमी. नळ जितका उशिरा, तितके घरातले ड्रम जास्त. त्यामुळे दुष्काळी वर्षात डास कमी होतील ही अपेक्षा एडिसच्या बाबतीत नेमकी उलटी ठरते. तुमच्या गावात यंदा हेच झालं असणार.

हे नवीनही नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आताच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं (एनआयव्ही), तिचा अभ्यास केला. पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आजार होऊन गेल्याचं आढळलं. साल बघा: बहात्तरच्या दुष्काळाच्या लगेच नंतरचं. साथ दुष्काळामुळेच आली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण सोलापूर जिल्ह्यात त्या दिवसांत पाणी कसं राखून वापरत असतील याची कल्पना करता येते. त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ हा रोग आपल्याकडे जवळजवळ दिसलाच नाही आणि २००६ मध्ये परतला तेव्हा देशात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण झाले. मधल्या काळात जन्मलेल्या कोणाच्याच अंगात त्याची प्रतिकारशक्ती नव्हती.

सिलोनचं, म्हणजे आजच्या श्रीलंकेचं, उदाहरण तर मलेरियाचं आहे. १९३४ मध्ये तिथे मोसमी पाऊस फसला. एरवी बारमाही वाहणाऱ्या नद्या आटल्या आणि पात्रात डबकी उरली. वाहत्या पाण्यात न टिकणाऱ्या ॲनाफेलिस क्युलिसिफेसीसला ती डबकी मानवली. ज्या ओल्या पट्ट्यात मलेरिया फारसा नव्हता, तिथल्याच लोकांना तो झाला आणि काही महिन्यांत सुमारे ८० हजार माणसं मेली. पीकही गेलं होतं, पोटं रिकामी होती.

रिकाम्या पोटाचा मुद्दा आमच्या शास्त्रात फार जुना आहे, पण आजच्या चर्चेतून तो गळून गेला आहे याची मला खंत वाटते. १९०८ च्या पावसाळ्यानंतर पंजाबात मलेरियानं थैमान घातलं. तीन महिन्यांत तीन लाखांच्या आसपास बळी गेले. एस. आर. क्रिस्टोफर्स या डॉक्टरनं त्याचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये अहवाल दिला. त्यानं पावसाचे आकडे मांडले आणि त्यांच्या शेजारी धान्याचे भाव मांडले. अतिवृष्टी आणि महागाई एकत्र आली की मृत्यूंचा आकडा चढतो, हे त्यानं दाखवलं. डास दोघांना चावतो. भुकेल्याला मरणाच्या दारात नेतो आणि खाऊन-पिऊन असलेला बहुधा उठून बसतो. हवामान की समाज, हा आज नवा वाटणारा वाद शंभर वर्षांपूर्वीच एका सरकारी अहवालात बऱ्यापैकी सुटला होता.

त्याच १९११ साली डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल आला. त्यांना ॲनाफेलिस स्टीफेन्सी हा डास सापडला तो शहराच्या मध्यवस्तीत, घरांच्या आवारातल्या विहिरींत. विहार तलावाचं पाणी १८६० पासून नळानं येत होतं, तरी विहिरी होत्याच. त्या बुजवायच्या किंवा झाकायच्या म्हटल्यावर हिंदू, जैन, पारशी सगळ्यांच्या धर्मभावना आड आल्या, कारण विधींना विहिरीचंच पाणी लागायचं. पुढे अनेक विहिरी बंद झाल्या, काहींवर जाळीची झाकणं बसली. स्टीफेन्सी मात्र गेला नाही. विहिरीतून निघून गच्चीवरच्या टाकीत जाऊन बसला. २०१० मध्ये मुंबईत मलेरियाचे ७५ हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि शंभराहून अधिक माणसं दगावली.

मुंबईतल्या या मलेरियाचं एक केंद्र बांधकामं आहेत. स्लॅब ओतल्यावर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून त्यात सात ते चौदा दिवस पाणी भरून ठेवतात. डासाला अळीपासून पंखांपर्यंत जायला एवढेच दिवस हवे असतात. भर म्हणून लिफ्टचा खड्डा, तळघर, पाण्याचे ड्रम. तिथेच राहणारे मजूर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आलेले असतात. काहींच्या अंगात परजीवी गावाहून येतो, काहींना इथे आल्यावर लागतो. ताप आला तरी रोज बुडेल म्हणून मजूर मेडिकलवरून एक गोळी घेतो आणि पुन्हा कामावर उभा राहतो. अशा साइटवर डास, पाणी आणि रुग्ण तिन्ही एकाच कुंपणाच्या आत असतात. पाऊस त्यात फक्त भर घालतो. गोव्यात ऐंशीच्या दशकात पणजीत बांधकामं वाढली आणि मलेरियाही वाढला. तेव्हा तिथे मजुराची रक्ततपासणी करून आरोग्य कार्ड देणं आणि त्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकणं, असा कायदेशीर मार्ग काढला गेला. मला तो धूरफवारणीच्या दहा गाड्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

हाच स्टीफेन्सी आता आफ्रिकेत पोचला आहे. जिबूतीत तो २०१२ मध्ये सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे २७ रुग्ण नोंदले होते. २०२० मध्ये ७३ हजारांहून अधिक. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः खेड्यांचा समजला जायचा. शहरी टाक्यांत वाढणाऱ्या या डासानं ती समजूत मोडली.

गडचिरोलीत चित्र वेगळं आहे. तिथे पाऊस भरपूर, जंगल दाट, भातखाचरं आणि संथ ओढे. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडे फाल्सिपेरम मलेरिया जास्त. हवामान डासांना अनुकूल आहे यात शंका नाही. पण तिथला प्रश्न असा की मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत माणसं अंधार असतानाच जंगलात निघतात, पीक राखायला रात्री शेतातल्या माळ्यावर झोपतात आणि मच्छरदाणी घरी राहते. पावसाळ्यात नाले भरले की उपकेंद्रापर्यंत जाणं होत नाही. शिवाय बऱ्याच जणांच्या रक्तात परजीवी असतो, पण ताप नसतो. ते आजारी नसतात, म्हणून तपासले जात नाहीत आणि डासांना मात्र परजीवी पुरवत राहतात.

यावर ओडिशानं काय केलं ते बघण्यासारखं आहे. २०१७ पासून तिथल्या दुर्गम पाड्यांत ताप असो-नसो, सगळ्यांची तपासणी करून उपचार दिले, सोबत टिकाऊ कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या वाटल्या. २०१६ मधले चार लाखांहून अधिक रुग्ण २०१८ मध्ये सत्तर हजारांच्या आत आले. जंगल तेच, पाऊस तोच. उलट्या दिशेनंही हे घडलेलं आहे: देशात १९६५ मध्ये मलेरियाचे रुग्ण लाखाच्या आसपास उरले होते आणि १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. अकरा वर्षांत हवामान इतकं बदलत नसतं. डीडीटी या कीटकनाशकाला डास दाद देईनासे झाले होते, पैसा आटला होता आणि जिंकलो अशा समजुतीत यंत्रणा सैलावली होती.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण ती सांगायला हवी. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाचा संसर्ग होऊन गेला की त्याच्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून फार थोडे दिवस; आणि दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाला तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे शेजारच्या गावात पाणी तुमच्याइतकंच उशिरा येऊनही यंदा तिथे शांतता असेल, तर कदाचित तिथे तोच प्रकार आधी येऊन गेलेला असेल. हवामान आणि पाणी दोन्ही सारखं असूनही दोन गावं वेगळी का वागतात, याचं कारण बऱ्याचदा लोकांच्या रक्तात असतं.

आकड्यांबद्दलही जरा सावध राहा. खासगी दवाखान्यात झटपट कार्डावर केलेली चाचणी सरकारी हिशेबात पक्का डेंग्यू म्हणून धरत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतली एलायझा ही रक्तचाचणी लागते. पहिल्या पाच दिवसांत तिच्यात एनएस-१ हे विषाणूचं प्रथिन शोधतात आणि त्यानंतर आयजीएम ही शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं. म्हणून तुमच्या गल्लीत वीस रुग्ण आणि जिल्ह्याच्या यादीत तीन, असं दिसलं तर लगेच लपवाछपवीचा आरोप करू नका. पण वीस जणांचे नमुने प्रयोगशाळेत का गेले नाहीत, हे जरूर विचारा.

राहिला करायचं काय हा प्रश्न. धूरफवारणीची मागणी सगळ्यात आधी होते, कारण धूर दिसतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. धुरानं त्या वेळी उडत असलेले डास मरतात. घरातल्या कपाटामागे, पलंगाखाली बसलेला एडिस बहुतेक वाचतो, आणि ड्रममधल्या अळ्यांना तर काहीच होत नाही. साथ चालू असताना रुग्णाच्या घराभोवती फवारणी करावी, त्याला माझी ना नाही, पण तेवढ्यावर थांबू नका.

"आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा", म्हणजे त्या दिवशी पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, हा संदेश चांगला आहे, पण तो रोज पाणी येणाऱ्या गावासाठी लिहिलेला आहे. अशाच एका गावात अळ्यांनी भरलेला ड्रम ओतून द्या असं मी म्हणालो, तेव्हा घरातल्या आजींनी विचारलं, "साहेब, ओतते. उद्यापासून माझ्या घरी पाणी तुम्ही भरणार का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि कुठल्या परिपत्रकातही नाही. पाणी भरायचं, जपायचं आणि वाचवायचं काम बायकांच्या अंगावर असतं. त्यांना विचारल्याशिवाय ठरवलेला कोणताही कोरडा दिवस कागदावरच राहतो.

म्हणून तुमच्यासारख्या ठिकाणी मी असं सुचवेन. कोरडा दिवस वारावर ठेवू नका, नळ यायच्या आदल्या संध्याकाळी ठेवा. तेव्हा भांडी तळाला आलेली असतात. उरलेलं पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, फडक्यावर आलेल्या अळ्या कोरड्या मातीवर झटका आणि रिकाम्या भांड्याची आतली भिंत काथ्यानं किंवा ब्रशनं घासा. नुसतं विसळून चिकटलेली अंडी निघत नाहीत. जे ड्रम बारा दिवस राखायचे आहेत त्यांच्या तोंडाला सुती कापड दोरीनं घट्ट बांधा. वर नुसतं पत्र्याचं झाकण ठेवलं तर कडेच्या फटीतून मादी आत जाते. वापरायच्या पाण्याच्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. आरोग्य सेवक ॲबेट हे अळीनाशक टाकायला आला तर वासाला नाक मुरडू नका. ठरलेल्या मात्रेत ते घरातल्या साठवलेल्या पाण्यासाठीच आहे.

नगरपालिकेकडे एकच मागणी करायची असेल तर फवारणीची करू नका. आहे तेवढंच पाणी थोडं थोडं करून सहा दिवसांच्या आत देता येईल का, हे विचारा. धरणात पाणी असूनही कुठे जुन्या जलवाहिनीमुळे, कुठे पंपाच्या वीजबिलामुळे फेरा लांबतो, असं बऱ्याच ठिकाणी असतं. आणि ते शक्य नसेल तर निदान वेळापत्रक पक्कं असू द्या. नळ नक्की कधी येणार हे ठाऊक असलं की माणूस एखादा ड्रम कमी भरतो.